छातीतली जळजळ: पथ्याच्या यादीआधी घड्याळ आणि पलंग

रात्री दोन-अडीचच्या सुमारास घशाशी आंबट पाणी येऊन ठसका लागावा, उठून बसावे, अर्धा पेला थंड दूध प्यावे आणि भिंतीला टेकून उजाडण्याची वाट पाहावी, असे माझे जवळजवळ दीड वर्ष गेले. डोंबिवलीहून फोर्टातल्या कचेरीत जाणारा माणूस रात्री नऊ-सव्वानऊला घरी पोहोचतो, साडेनऊला जेवतो आणि साडेदहाला आडवा होतो. माझेही तसेच चालले होते. या काळात मी टोमॅटो सोडला, लसूण सोडली, तूरडाळ सोडली, चहा दोनदा सोडला आणि दोनदा पुन्हा धरला. त्रास होता तेथेच राहिला, कारण मी ताटातले पदार्थ बदलत होतो आणि जेवणाची वेळ, प्रमाण व झोपण्याची पद्धत यांना हातही लावत नव्हतो.

ज्यांना आम्लपित्ताचा त्रास असल्याचे नुकतेच सांगितले गेले आहे आणि ज्यांच्या हाती 'तिखट, तेलकट, आंबट टाळा' एवढ्याच ओळीचा कागद पडला आहे, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. मी डॉक्टर नाही. पुढचा क्रम मला उपचार करणाऱ्या पोटविकारतज्ज्ञांनी समजावून दिलेल्या गोष्टींवर आणि माझ्या वहीतल्या नोंदींवर आधारलेला आहे, आणि तो क्रम शक्यतो बदलू नये अशी माझी विनंती आहे.

आधी जमवून ठेवायच्या वस्तू आणि कागदपत्रे

- एक साधी शंभर पानी वही आणि पेन. मोबाईलमध्ये नोंद ठेवली तरी चालते, पण रात्री अडीच वाजता उजेड डोळ्यांवर घेऊन टंकन करणे जमत नाही, हे अनुभवाने सांगतो.
- वजनकाटा आणि शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी.
- पलंगाचे डोके उंचावण्यासाठी चार विटा किंवा लाकडी ठोकळे. पलंगाला पाय नसतील तर फोमची उतरती उशी.
- सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची यादी. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, सांधेदुखी, लोहाच्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णे, औषधाच्या दुकानातून स्वतःहून आणलेल्या गोळ्या, सगळे त्यात आले पाहिजे.
- जुने अहवाल: हिमोग्लोबिन, ईसीजी, पोटाची सोनोग्राफी आणि आधी झाली असेल तर एंडोस्कोपी (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून अन्ननलिका व जठर पाहण्याची तपासणी). तारखेनुसार एका फायलीत लावावेत.

१. हे नक्की कोणते 'पित्त', ते ठरवा

मराठीत 'मला पित्ताचा त्रास आहे' हे वाक्य निदान चार वेगवेगळ्या तक्रारींसाठी वापरले जाते आणि माझ्या मते निम्मा गोंधळ येथेच सुरू होतो. छातीच्या मधोमध जळणे, घशाशी आंबट येणे, करपट ढेकर येणे, हा पहिला अर्थ. या लेखाचा विषय तेवढाच आहे. अंगावर लाल गांधी उठून खाज सुटते त्यालाही आपण 'पित्त उठले' म्हणतो, पण तो त्वचेवर दिसणारा ॲलर्जीसारखा प्रकार असून जठरातल्या आम्लाशी त्याचा संबंध नाही. डोक्याची एक बाजू ठणकते, उजेड सहन होत नाही, उलटी झाली की बरे वाटते, तेव्हा 'पित्ताने डोके उठले' असे म्हणतात. ती पुष्कळदा अर्धशिशी असते. चौथे पित्त म्हणजे यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा हिरवट-पिवळा रस. खडे होतात ते या पित्ताशयात, आणि त्याची कळ सहसा जेवणानंतर उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात येते.

हा फरक न कळल्यामुळे शेजारचे काका अंगावरच्या गांधींसाठी सांगितलेले आमसुलाचे पाणी छातीतल्या जळजळीवरही सुचवतात. आमसूल मुळातच आंबट, म्हणजे आम्लयुक्त आहे. कोणाला ते सोसते, कोणाला त्यानेच जळजळ वाढते.

येथे एक सापळा ठळकपणे सांगितला पाहिजे. सकाळी घशात बोटे घालून 'पित्त काढून टाकण्याची' सवय आपल्याकडे अनेक घरांत आहे. त्याने घटकाभर मोकळे वाटते, पण जे आम्ल वर येऊ नये म्हणून सारा खटाटोप करायचा, तेच आपण रोज अन्ननलिकेतून आणि दातांवरून नेत असतो. ही सवय असेल तर ती आजच थांबवावी.

२. कोणत्या लक्षणांत घरी थांबायचे नाही

छातीत दडपण येत असेल, दुखणे डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, सोबत घाम, धाप किंवा भोवळ असेल, तर 'गॅस झाला असेल' असे म्हणत ओवा चावत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या रुग्णालयात जाऊन ईसीजी काढावा. हृदयविकाराचा झटका आणि आम्लपित्त यांतला फरक अनुभवी डॉक्टरांनाही केवळ वर्णनावरून सांगता येत नाही. मधुमेही व्यक्तींत, स्त्रियांत आणि वृद्धांत तर झटका छातीतल्या तीव्र कळेवाचून, नुसत्या अस्वस्थतेच्या किंवा मळमळीच्या रूपातही येतो. आम्लविरोधी औषध घेतल्यावर बरे वाटले म्हणजे हृदयाचे दुखणे नव्हते, हाही समज चुकीचा आहे.

घास अडकल्यासारखा वाटणे, गिळताना दुखणे, प्रयत्न न करता वजन उतरणे, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी काळी शौचास होणे, हिमोग्लोबिन कमी निघणे, किंवा साठीच्या आसपास हा त्रास पहिल्यांदाच सुरू होणे, यांपैकी काहीही असेल तर पथ्याचे प्रयोग बाजूला ठेवून आधी तज्ज्ञांना दाखवावे. लोहाची गोळी चालू असतानाही शौचाचा रंग काळसर होतो, म्हणून औषधांची यादी सोबत न्यावी.

३. आम्ल वर का येते, ते एकदा समजून घ्या

अन्ननलिका जठराला जेथे मिळते तेथे स्नायूंची एक कडी असते. घास खाली जाताना ती उघडते आणि एरवी मिटलेली राहते. जठराच्या आतल्या अस्तराला तीव्र आम्लाची सवय असते, अन्ननलिकेच्या अस्तराला नसते, म्हणून ही कडी अवेळी सैल पडली की जळजळ होते. अशी अवेळी सैल पडण्याची मुख्य निमित्ते म्हणजे गच्च भरून ताणले गेलेले जठर, तंबाखू, मद्य, चॉकलेट आणि पुदिना. स्निग्ध जेवण जठरात अधिक वेळ रेंगाळते. पोटावरची चरबी, घट्ट पट्टा आणि करकचून बांधलेली परकराची नाडी खालून दाब देतात. आणि माणूस आडवा झाला की आम्ल खाली राखणारे गुरुत्वाकर्षणही मदतीला राहत नाही.

म्हणून पुष्कळांच्या बाबतीत 'आम्ल जास्त तयार होते' यापेक्षा 'आम्ल नको तेथे जाते' हे वर्णन अधिक बरोबर असते. हे डोक्यात बसले की पुढच्या पायऱ्यांचा क्रम आपोआप पटतो.

४. पहिला आठवडा: फक्त घड्याळ बदला

पहिल्या आठवड्यात ताटातला एकही पदार्थ बदलू नका. रात्रीचे शेवटचे खाणे आणि आडवे होणे यांत तीन तासांचे अंतर ठेवा, इतकेच करा. शेवटच्या खाण्यात झोपण्यापूर्वीचे हळदीचे दूध, मालिका पाहताना तोंडात टाकलेले शेंगदाणे आणि 'जरा गोड' म्हणून घेतलेला पेढा हेही मोजायचे.

लोकलने प्रवास करणाऱ्याला हे अशक्य वाटते आणि मलाही वाटले होते. मला सापडलेला मार्ग असा: सकाळी दोन डबे न्यायचे. दुसरा डबा, त्यात दोन भाकऱ्या किंवा पोळ्या आणि दुधी, दोडका, पडवळ अशी एखादी भाजी, कचेरीतून निघण्यापूर्वी साडेसहाला खायचा. प्रवास उभ्याने होतो, म्हणजे ते जेवण खाली राहण्यास मदतच होते. घरी आल्यावर सव्वानऊला फक्त एक वाटी मऊ वरणभात घ्यायचा, जेणेकरून घरच्यांसोबत पानावर बसणेही होते, आणि झोप सव्वाबारापर्यंत पुढे न्यायची नसेल तर तीही वाटी सोडायची. पहिले चार दिवस सहकाऱ्यांनी चेष्टा केली. त्यांपैकी दोघे आता स्वतः दुसरा डबा आणतात.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. आकंठ जेवण हा शब्दच या विकाराचे कारण सांगतो. नेहमीच्या रात्रीच्या जेवणातून एक चतुर्थांश भाग कमी करून तो दुपारी चार-पाचच्या खाण्यात घालावा. जेवताना भरपूर पाणी पिऊन पोट फुगवू नये. ते दोन जेवणांच्या मधल्या वेळेत प्यावे.

जेवणानंतर शतपावली घालावी, पण ती शंभर पावलांवर थांबवण्याचे कारण नाही. रमतगमत पंधरा-वीस मिनिटे चालावे. धावणे, कपालभाती, सूर्यनमस्कार किंवा पुढे वाकण्याची आसने जेवणानंतर दोन-तीन तास करू नयेत. भांडी घासणे, फरशी पुसणे अशी वाकून करायची कामेही लगेच काढू नयेत. ती कोणी करायची, हा प्रश्न प्रत्येक घराने आपापला सोडवावा.

५. दुसरा आठवडा: पलंगाचे डोके सहा इंच वर

रात्री झोपेत त्रास होणाऱ्यांसाठी माझ्या मते ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी आहे. पलंगाचे डोक्याकडचे दोन पाय सहा ते आठ इंच, म्हणजे १५ ते २० सेंटीमीटर, उंचावायचे. जुन्या मापाची वीट सुमारे तीन इंच जाडीची असते. प्रत्येक पायाखाली दोन विटा आडव्या ठेवल्या की सहा इंच होतात. वीट खचू नये व फरशीवर ओरखडे उठू नयेत म्हणून खाली जुनी सतरंजी किंवा रबराचा तुकडा घालावा, आणि पलंग दोघांनी मिळून हलवून तो डगमगत नाही याची खात्री करूनच झोपावे.

येथे नव्वद टक्के लोक जी चूक करतील असे मला वाटते, ती मीही केली: दोन उशा अधिक घेतल्या. उशांनी फक्त मान आणि डोके वर होते, शरीर कमरेत किंवा छातीत दुमडते आणि पोटावरचा दाब उलट वाढतो. कमरेपासून डोक्यापर्यंतचा सगळा भाग एका सरळ उतारावर आला पाहिजे. पेटीचा पलंग असेल आणि त्याला पायच नसतील, तर फोमची उतरती उशी कमरेपासून वर घ्यावी. जमिनीवर गादी घालून झोपणाऱ्यांनी गादीच्या वरच्या अर्ध्या भागाखाली घड्या घातलेल्या सतरंज्या पायऱ्यांसारख्या रचाव्यात, म्हणजे उतार मिळतो.

पहिल्या तीन-चार रात्री आपण खाली घसरतो आणि शेजारी झोपणारी व्यक्ती कुरकुरते. आमच्याकडे दुसऱ्याच रात्री विटा काढून टाकण्याचा ठराव आला होता. मात्र आठवडाभरात शरीर सरावते.

याच्या जोडीला डाव्या कुशीवर झोपावे. डाव्या कुशीवर जठराचा पसरट भाग अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खालच्या पातळीवर राहतो, उजव्या कुशीवर उलट होते आणि आम्ल वर येणे सोपे जाते. आपल्या भाषेने हे शब्दातच बांधून ठेवले आहे. वामकुक्षी म्हणजे डावी कूस. मात्र आम्लपित्त असलेल्याने दुपारी जेवल्याबरोबर वामकुक्षी घेऊ नये, अगदीच डोळे मिटत असतील तर आरामखुर्चीत टेकून बसावे.

६. वहीत नोंद कशी करायची

पहिल्या दिवसापासून वही सुरू करावी. पानावर पाच रकाने आखावेत: वेळ, काय आणि किती खाल्ले, त्यानंतर काय केले (बसलो, चाललो, आडवा झालो), त्रास किती वाजता झाला, आणि शून्य ते दहा अशा मोजणीत तो किती होता. तिसरा रकाना बहुतेक जण गाळतात, आणि सगळी मेख त्यातच असते. माझ्या वहीत मिसळ दोनदा आहे. रविवारी सकाळी दहाला कट घालून खाल्लेल्या मिसळीनंतर त्रास दोन, आणि एका बुधवारी रात्री दहाला खाल्लेल्या त्याच मिसळीनंतर आठ. दीड वर्ष मी मिसळीला दोष देत होतो.

दोन आठवडे नोंद झाली की संशयित पदार्थांभोवती खूण करावी. मग एका वेळी एकच पदार्थ दहा-बारा दिवस पूर्ण बंद करावा आणि नंतर नेहमीच्या प्रमाणात, दिवसा, पुन्हा खाऊन पाहावा. दोनदा खाल्ल्यावर दोन्ही वेळा त्रास झाला तरच तो पदार्थ आपल्या यादीत घालावा. सगळे एकदम सोडण्याची घाई करू नये, कारण मग कशाने बरे वाटले तेच कळत नाही, आणि जिभेचा कंटाळा असह्य झाला की सगळेच पुन्हा एकदम सुरू होते.

७. ताटाचा विचार आता

सर्वसाधारणपणे ज्यांवर संशय घ्यावा असे पदार्थ: तळलेले, तेलाचा तवंग असलेले रस्से, टोमॅटोचे सार, चिंचेची आमटी, लिंबूवर्गीय फळे, कच्चा कांदा, पुदिना, चॉकलेट, कॉफी, कडक चहा, फसफसणारी शीतपेये आणि मद्य. ही यादी संशयितांची आहे, गुन्हेगारांची नव्हे. जेवण उशिरा घेणे टाळल्याने, डोके उंचावल्याने आणि वाढलेले वजन उतरवल्याने होणारा फायदा जितका स्पष्ट आहे, तितका एखादा ठरावीक पदार्थ सर्वांनीच सोडल्याने होत असल्याचे दिसलेले नाही. मला कच्चा कांदा अजिबात सोसत नाही, शिजवलेला चालतो. माझ्या बहिणीचे नेमके उलट म्हणणे आहे आणि तिची वही तिच्या बाजूने आहे.

रोजच्या स्वयंपाकात फार उलथापालथ लागत नाही. मूगडाळीची मऊ खिचडी, वरणभात, ज्वारीची भाकरी, तांबडा भोपळा, दुधी, पडवळ, दोडका, घेवडा, केळे, पपई हे बहुतेकांना मानवते. फोडणी करताना तेल अंदाजाने न ओतता चमच्याने मोजावे. आमच्या चौघांच्या भाजीत पळीभर तेल जात होते, ते चार छोट्या चमच्यांवर आले आणि चवीत कोणाला फरक कळला नाही. वरणभातावरचे चमचाभर तूप सोडण्याची गरज मला पडली नाही. ताक ताजे, गोडसर आणि पातळ असावे. आंबलेले ताक दुपारी तीननंतर मला बाधते.

चहाबद्दल दोन शब्द अधिक, कारण खरी रडकथा तेथे असते. सकाळी उठल्याबरोबर अनशापोटी घेतलेला कडक चहा मला पाच-सहा गुणांचा त्रास देत असे. तो पूर्ण सोडण्याऐवजी आधी अर्धी पोळी किंवा मूठभर साळीच्या लाह्या खाऊन, अर्धा कप आणि पातळ घेतला, तेव्हा त्रास एकवर आला. चहासोबतची खारी मात्र सोडावी लागली, कारण तिच्यात मैदा आणि चरबीशिवाय फारसे काही नसते.

थंड दुधाचा सापळा ओळखावा. दूध आम्ल तात्पुरते सौम्य करते, म्हणून पाच मिनिटांत बरे वाटते, पण त्यातली प्रथिने आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल स्रवण्यास उद्युक्त करतात. मध्यरात्री पेलाभर दूध पिऊन पुन्हा आडवे होणे म्हणजे तीन तासांचा नियम रात्री अडीचला मोडणे. त्याऐवजी दोन घोट पाणी पिऊन अर्धा तास बसून राहणे मला अधिक उपयोगी पडले.

८. उपवास, सण आणि आग्रह

आम्लपित्त असलेल्या मराठी माणसाच्या महिन्यातला सर्वांत धोक्याचा दिवस संकष्टी चतुर्थीचा असतो. दिवसभर चहा, दुपारी शेंगदाण्याचे कूट आणि तूप सढळ हाताने घातलेली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा तळलेला कीस, मग रात्री साडेनऊ-दहाला चंद्रोदय झाल्यावर मोदकांसह पूर्ण ताट आणि त्यानंतर तासाभरात झोप. वर सांगितलेले सगळे नियम एकाच दिवशी मोडण्याची ही व्यवस्था आहे. उपवास करायचाच असेल तर दिवसा दर तीन तासांनी थोडे खावे: राजगिऱ्याच्या लाह्या, केळे, उकडलेले रताळे, भगर आणि पातळ ताक. चंद्रोदयानंतर नैवेद्याचा एक मोदक आणि दोन घास वरणभात घेऊन उपवास सोडावा, उरलेले ताट दुसऱ्या दिवशी दुपारी खावे. गणपती यावर रागावत नाही, असे माझ्या आईचे मत पडले आणि घरातला वाद मिटला.

एकादशी अन् दुप्पट खाशी, हे तर आपण स्वतःबद्दलच म्हणून ठेवले आहे. नवरात्रात नऊ दिवस निराहार किंवा फक्त चहावर राहणाऱ्यांनी, विशेषतः गोळ्या चालू असताना, डॉक्टरांना आधी विचारावे.

लग्नाच्या पंगतीत दुपारी जेवावे, रात्रीच्या स्वागत समारंभात हातात ताट घेऊन फिरावे आणि थोडे खावे. आग्रह करणाऱ्याला 'डॉक्टरांनी सांगितले आहे' एवढे वाक्य पुरते. 'पथ्य आहे' म्हटले की 'एकाने काय होते' हा प्रश्न येतोच.

९. कंबर, तंबाखू आणि दुसऱ्या आजारांच्या गोळ्या

भारतीयांसाठी कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या आत असावा असे मानतात. माझा ९८ होता. सात महिन्यांत वजन सहा किलोंनी आणि घेर सात सेंटीमीटरनी कमी झाला, आणि वहीतल्या आकड्यांत सर्वांत मोठी घट त्याच काळात दिसते. वजन मुळात योग्य असलेल्यांनी मात्र पथ्याच्या नावाखाली ते उतरवत नेऊ नये.

तंबाखू ओढलेली असो वा चुन्यासोबत मळलेली, निकोटीन ती स्नायूंची कडी सैल करते. मशेरी लावणे याला आपण तंबाखू मानतच नाही, म्हणून डॉक्टरांनी विचारल्यावर अनेक स्त्रिया प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात. मशेरीचाही उल्लेख करावा.

दुखण्यावरच्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या अस्तराला इजा करतात. रक्तदाबासाठीच्या ॲम्लोडिपिनसारख्या काही गोळ्यांनी कडी सैल पडू शकते. डॉक्सिसायक्लिन, लोह आणि हाडांसाठीची ॲलेन्ड्रोनेट ही औषधे घोटभर पाण्यासोबत घेऊन लगेच आडवे झाल्यास अन्ननलिकेला चिकटून जखम करू शकतात. ती पेलाभर पाण्यासोबत घ्यावीत आणि नंतर निदान अर्धा तास ताठ बसावे. हे वाचून रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नका. फक्त यादी डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा.

१०. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या कशा घ्यायच्या

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल ही एकाच गटातली औषधे आहेत. ती जठरातले आम्ल तयार करणारे पंप बंद करतात, आणि पंप जेवणाच्या वेळी सर्वाधिक चालू होतात. म्हणून गोळी न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. जेवल्यावर जळजळ झाली म्हणून त्या वेळी घेतलेली गोळी फारशी उपयोगी पडत नाही. मी सहा महिने ती रात्री जेवणानंतर घेत होतो आणि 'औषध लागू पडत नाही' अशी तक्रार करत होतो. वेळ कोणी सांगितली नव्हती आणि मीही विचारली नव्हती.

डॉक्टर सहसा आठ आठवड्यांचा क्रम देतात. औषधाच्या दुकानातून तीच पट्टी वर्षानुवर्षे आणत राहू नये. दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होण्याची शक्यता असते, आणि शाकाहारी माणसाचे बी-१२ आधीच काठावर असते. डॉम्पेरिडोन या उलटीवरच्या औषधासोबतची जोडगोळी तर मुळीच स्वतःहून घेऊ नये, कारण त्याचा काही जणांच्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. घरात जुनी रॅनिटिडीनची पट्टी असेल तर ती वापरू नये; अशुद्धीच्या कारणावरून अमेरिकेत ते औषध २०२० मध्ये बाजारातून काढण्यात आले आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून २०२२ मध्ये वगळले गेले.

इनोसारखी फसफसणारी पूड किंवा खाण्याचा सोडा क्वचित घेण्यास हरकत नसते, पण त्यात सोडियम भरपूर असते, त्यामुळे रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ते टाळावे. गुलाबी किंवा पांढरे पातळ आम्लविरोधी औषध इतर गोळ्यांचे शोषण अडवते. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचे अंतर ठेवावे. आयुर्वेदातही अम्लपित्ताचा स्वतंत्र विचार आहे, माधवनिदान या जुन्या ग्रंथात त्यावर प्रकरण आहे, पण वैद्यांना न विचारता अविपत्तिकर चूर्ण चमच्याने खात राहणे योग्य नाही. त्यात निशोत्तर हे रेचक मोठ्या प्रमाणात असते.

११. एंडोस्कोपी सांगितली तर

सहा ते आठ तास उपाशी राहून जायचे, घशात बधिर करणारा फवारा मारतात आणि तपासणी पाच-दहा मिनिटांत संपते. झोपेचे औषध देणार असतील तर सोबत कोणीतरी न्यावे आणि त्या दिवशी वाहन चालवू नये. रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची औषधे चालू असल्यास त्या सकाळी काय करायचे, ते आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. अहवालात 'ग्रेड ए' ते 'ग्रेड डी' असे लिहिलेले असते. ए म्हणजे अन्ननलिकेवरची सर्वांत सौम्य इजा आणि डी सर्वांत तीव्र. अहवाल स्वच्छ आला म्हणून त्रास मनाचा आहे असे ठरत नाही. बऱ्याच जणांची अन्ननलिका दिसायला निरोगी असते आणि जळजळ मात्र खरी असते. अशा वेळी चोवीस तास आम्ल मोजणारी चाचणी करता येते.

१२. गोळी कमी करताना

गोळी एका दिवसात थांबवली तर काही दिवस आम्ल पूर्वीपेक्षा अधिक स्रवते, आणि 'गोळीशिवाय माझे चालत नाही' असा समज करून घेऊन माणूस ती पुन्हा धरतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने मी ती आधी एक दिवसाआड आणि तीन आठवड्यांनी दोन दिवसांआड घेतली, मग बंद केली. मधल्या काळात जळजळ झाली तर अल्जिनेट असलेले पातळ औषध जेवणानंतर घ्यायचे होते, जे अन्नावर सायीसारखा थर धरते. ज्यांच्या अहवालात ग्रेड सी किंवा डी आहे, त्यांनी गोळी बंद करण्याचा विचार तज्ज्ञांना सोडून करू नये.

दिवाळीच्या फराळाने किंवा गावच्या जत्रेने घडी विस्कटली, तर पुन्हा चौथ्या पायरीपासून सुरुवात करावी: तीन दिवस सातच्या आत जेवण, डावी कूस आणि वही. तीन आठवड्यांतही आकडे खाली आले नाहीत, तर वही व फाईल घेऊन डॉक्टरांची वेळ घ्यावी आणि जाताना आधी तिसरा रकाना उघडून दाखवावा.